अभिमनचं विमान

रुपचंद घड्याळवाला माझा शेजारी, म्हणून त्याच्याबद्दल बोलतो. नाहीतर एवढ्या हट्टी माणसाबद्दल बोलायची मला हौस नाही. जळगावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि माझं, म्हणजे या गिरधरचं, सायकलचं दुकान, दोन्हींना भिंत एकच. लढाईच्या काळात तो अंबाल्याला हवाई दलात होता. विमानातले उंची आणि वेग दाखवणारे काटे दुरुस्त करायचा. सत्तेचाळीस साली परत आला तो ट्रंकभर इंग्रजी मासिकं घेऊन, आणि आमच्याही डोक्यात ते खूळ भरवून दिलं.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की ड्रॉइंगचे तोताराम मास्तर यायचे आणि खेळ सुरू व्हायचा. एकानं मासिकातलं चित्र धरायचं, खालचं नाव अंगठ्यानं झाकायचं. चित्र विमानाचं नव्हे, त्याच्या पोटातलं. वैमानिक बसतो ती जागा, समोरचे काटे, हातातला दांडा, वरची काच. तेवढ्यावरून विमान ओळखायचं. बाहेरून काय, कोणीही ओळखेल, असं रुपचंदचं म्हणणं. मास्तर विचार करून बोलायचे. मला काही सुचलं नाही की मी ‘डाकोटा’ म्हणून मोकळा व्हायचो, कधीतरी लागायचंही. रुपचंदला खात्री नसली तर तो सरळ ‘नाही ओळखत’ म्हणायचा, आणि माझ्या डाकोटावर असा खेकसायचा की जणू मी त्याच्या घरात चोरी केली. म्हणायचा, “उगीच नाव ठोकून देण्यापेक्षा मुकं बसावं माणसानं.”

त्रेपन्न सालच्या चैत्रात जवळच्या असोदा गावची धुरपदाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तिचा एकुलता एक मुलगा अभिमन लढाईत हवाई दलाच्या छावणीत स्वयंपाक्या होता आणि तिकडेच तापानं गेला, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. तिनं पदराच्या गाठीतून फोटो काढला. अभिमन विमानात बसलेला. डोक्यावर टोपी, हातात दांडा, तोंडभर हसू.

“भाऊ,” ती रुपचंदला म्हणाली, “तुमी इमानाची नावं सांगता म्हने. याचं नाव काय हाये? आखाजीच्या आत सांगा.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. त्याच्याशी दोन शब्द बोलतात, विस्तवावर घास टाकतात. तिला त्याआधी नाव हवं होतं. रुपचंद म्हणाला, “सांगतो, अक्का.” ती फोटो ठेवून गेली.

मग आमची जी जुंपली म्हणता. मास्तरांचं म्हणणं, हरिकेन. मी अर्थातच डाकोटा. रुपचंदनं सगळी ट्रंक उपसली. काटे असे मांडलेलं विमान कुठल्याच मासिकात सापडेना. तो अगदी हरखला. फार दुर्मीळ विमान आहे, बहुतेक हिंदुस्थानात एखादंच आलं असेल, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. आम्ही मास्तरांसकट माना डोलावल्या.

एके दिवशी डोळ्याला भिंग लावून तो फोटो बघत होता. एकदम त्यानं मला हाक मारली. “गिरधर, हे काटे बघ. प्रत्येकात एक लांब, एक आखूड. कडेनं बारा खुणा.”

“मग?”

“ही भिंतीवरची घड्याळं आहेत. रंगवलेली. रथाच्या जत्रेत फोटोवाले पुठ्ठ्याचं विमान उभं करतात ना, त्यातलं हे. आणि मी घड्याळवाला असून इतके दिवस झक मारत होतो.”

मला हसू फुटलं, पण त्याचं तोंड बघून गिळलं. पोरगं हवाई दलात गेलं होतं, म्हणून फोटोही तिकडचाच, असं आम्ही तिघं धरून चाललो होतो. आता त्या आईला काय सांगायचं? पोरानं जन्मभर विमानाला हातही लावला नसेल, हे?

“हरिकेन म्हणून सांग,” मी म्हटलं. “म्हातारीला काय कळतंय? तिचा जीव निवेल.”

“तिनं माझ्याकडून नाव मागितलंय. तुझ्याकडून नाही.” असं बोलून त्यानं दुकानाचं दार ओढलं आणि माझीच सायकल काढली. मला मागं बसवलं.

असोद्याला धुरपदाबाई अंगणात नवी घागर पाण्यात भिजत घालत होती. रुपचंद उभ्या उभ्याच बोलला. “अक्का, हे विमान खरं नाही. पुठ्ठ्याचं आहे. अभिमन त्यात बसला, पण ते उडणारं नव्हतं.”

म्हातारी म्हणाली, “मले ठाव हाये ना, भाऊ. रथाच्या जत्रेत मीच तं व्हती संगं. त्याच्या चपला हातात धरून उभी व्हती.”

आम्ही दोघं शहाणे आपले उभे.

“खाली उतरला अन् मले इचारे, माय, या इमानाचं नाव काय? मी म्हनलं, मले काय ठाव बाप्पा, घरी चाल. मंग तो भरती झाला अन् गेला. दर आखाजीले घागर भरते अन् मले तेच आठोते. त्यानं एक गोष्ट इचारली, ती बी मी सांगली नही.” मग तिनंच विचारलं, “पुठ्ठ्याचं असलं म्हनून का झालं? रंगवनाऱ्यानं कशावरून तरी काढलं असंनच ना?”

रुपचंद तिथेच ओट्यावर बसला. खिशातून भिंग काढलं. आता तो काट्यांकडे बघतच नव्हता. भिंग वर सरकवून मला म्हणाला, “काटे रंगवणाऱ्यानं मनानं काढले, कारण घड्याळ त्याला माहीत होतं. पण हे बघ, पंख पोराच्या डोक्याशी आहे, आणि खालून त्याला तिरपा खांब टेकू देतोय. हे त्याला कळलंच नसणार. जे कळत नाही ते कुणी मनानं काढत नाही. समोर चित्र ठेवूनच काढतं. असा पंख मी अंबाल्याला रोज बघितलाय.” मग तिच्याकडे वळून सावकाश म्हणाला, “अक्का, लायसँडर. ह्याचं नाव लायसँडर.”

तिनं ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. खडीसाखर चघळावी तसं.

आखाजीला तिनं आम्हाला बोलावलं. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. विस्तवावर घास टाकून ती वाकली आणि जेवायला बसलेल्या पोराशी बोलावं तशी म्हणाली, “अभि, तू इचारलं व्हतं ना? लायसँडर हाये बाप्पा ते. घड्याळवाल्या भाऊनं नीट पाहून सांगलं.” रुपचंद भिंतीकडे तोंड करून बसला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. माझा सल्ला त्यानं ऐकला असता तर तिनं त्या घागरीशी वाकून पोराला हरिकेन सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आले आणि त्यांनी अंगठ्याखाली नाव झाकून माझ्यापुढे एक चित्र धरलं. डाकोटा ओठांवर आलाच होता. मी रुपचंदकडे बघितलं. तो घड्याळात मान घालून बसला होता.

“नाही ओळखत,” मी म्हटलं.