पाळण्याजवळची पाटी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलांना नाही. आईला कळलं होतं की काय, अशी शंका कधी कधी येते. पण तिनं विचारलं नाही आणि मी — विषय बदलण्यात मी पहिल्यापासून हुशार. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी आबांविषयी सांगते. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही सणसरचे. उसाच्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या रानात विहीर, आणि त्यातल्या किती तरी माझ्या आबांनी खोदलेल्या. टोपल्यात बसून, दोराला धरून खाली उतरायचं, दिवसभर पहार मारायची, दिवस कलला की वर यायचं. खालून आभाळ ताटाएवढं दिसतं, असं ते सांगायचे.

आबांना वाचता येत नव्हतं. पण पाटी दिसली की पाय थांबायचे. एस.टी. स्टँड असो, दवाखाना असो, कचेरी असो. "काय लिवलंय?" मी तिसरीत असल्यापासून इंदापूरच्या बाजारातली प्रत्येक पाटी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आहे. अगदी 'येथे थुंकू नये'सुद्धा. ते ऐकून मान डोलवायचे, जणू मोठी बातमीच.

लिहिलेल्यावर त्यांचा इतका विश्वास का, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या लोकांना हितं थांब, तितं बसू नको, हे सगळं तोंडानं सांगितलं जायचं. जत्रेतल्या लाकडी पाळण्यावरही वस्तीतल्या पोरांना शेवटी घेऊ म्हणायचे आणि शेवट व्हायच्या आधीच पाळणा बंद करायचे. पुढं आजोबांनी धम्म घेतला, आबांनी मला शाळेत घातलं. ते म्हणायचे, "तोंडाचं माणसागणिक बदलतं, बाय. लिवल्यालं सगळ्यास्नी सारकं."

मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या घरात पहिलीच. बारामतीत शाळेत नोकरी लागली आणि मी खोली बघायला लागले. एका घरी घरमालकीणबाई, त्यांना मी काकू म्हणायचे, आडनाव ऐकून जरा थांबल्या. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. "आपल्यातलेच ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून हो म्हटलं. खोली मिळाली. त्याआधी तीन घरांतून परत आले होते — पण ते इथं सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सांगून टाकलं. असो. त्यानंतर दोन वर्षं आबांना मी खोलीवर येऊ दिलं नाही. मीच दर रविवारी गावी जायचे. कारण आबा समोर येईल त्याला आधी "जय भीम" घालायचे. ओळखीचा असो, नसो. ते त्यांच्या श्वासासारखं होतं.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मी आबांना आणि आईला मुंबईला नेलं. तीन दिवस. मुक्काम विक्रोळीला मावशीकडं. शेवटचा दिवस खाडीपलीकडच्या त्या मोठ्या करमणूक पार्कासाठी ठेवला होता. खरं तर सगळी सहल त्याचसाठी होती. आबांनी कुणाकडून तरी तिथल्या उंच पाळण्याचं ऐकलं होतं. तीन दिवस एकच: "मॅडम, पाळणा कवा?" नोकरी लागल्यापासून ते मला चिडवायला मॅडम म्हणायचे. आई म्हणाली, "ह्या वयात वर बसून काय चक्कर आणायचीय का?" तर म्हणाले, "जलमभर खालीच उतारलोय. एकदा वर जाऊन बघतो की."

काकू त्याच आठवड्यात बोरिवलीला बहिणीकडं आल्या होत्या. त्यांच्या मुलीनं पार्काचा हट्ट धरलाय, हे मला माहीत होतं. मग मी तोच आठवडा का धरला? सुट्टी तेवढीच होती, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण एक आठवडा मागं-पुढं करता आला असता. नाही का?

आबांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर, नवी टोपी घातली होती. होडीतून उतरल्यापासून पाळणा दिसत होता. बाकी कशातच त्यांचं लक्ष नव्हतं. आईनं दशम्यांचं गाठोडं सोडलं, त्यांनी एक उभ्याउभ्याच खाल्ली. "चला, रांग वाढंल."

मी रांगेच्या तोंडाशी पोचले आणि पुढं काकू दिसल्या. त्या आणि त्यांची मुलगी. त्यांनीही मला पाहिलं, हात केला. एका डब्यात चौघं बसत होते. आबा माझ्या मागं दहा पावलांवर होते, आईचा हात धरून, भराभर येत. येणार, काकूंसमोर उभे राहणार, हात जोडणार — आणि ते दोन शब्द म्हणणार.

मी मागं वळले. आबांना थांबवायचं होतं. रांगेच्या कडेला पाटी होती आणि आबांचे पाय आपोआप तिच्यापाशी थांबले होते.

"काय लिवलंय?"

हेच ते. इथंच यायला मी एवढा वेळ लावला.

मी पाटीकडं बघितलं आणि वाचल्यासारखं, शाळेत वाचतात तसं स्पष्ट, म्हणाले, "पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींना पाळण्यात बसण्यास मनाई आहे."

आबा पाटीकडं बघत राहिले. आई म्हणाली, "सांगा की पन्नासच हाय म्हणून. तुमचं वय तुमाला तरी ठावं हाय का? कोण बघतंय?"

"न्हाय," आबा म्हणाले. "लिवलेल्यासंगं खोटं बोलायचं न्हाय." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू जा, बाय. तू बघून ये. मला सांग."

मी गेले. हे मला अजून समजत नाही. मी आजारी आहे, चक्कर येते, काहीही म्हणू शकले असते. पण गेले, काकूंच्या डब्यात बसले, दांडी लागली. काकूंनी विचारलं, "आई-वडील येणार होते ना बरोबर?" मी म्हणाले, ते मावशीकडंच थांबलेत.

वर गेल्यावर खाडी दिसली, पलीकडं समुद्र, आणि आभाळ — कुठंही काठ नसलेलं. आणि खाली बाकाशेजारी आबा. कपाळावर आडवा हात धरून मला शोधत होते. मी कोणत्या डब्यात आहे हे त्यांना दिसत नव्हतं. म्हणून ते येणाऱ्या प्रत्येक डब्याला हात करत होते. एक डबा वर गेला की पुढच्याला. पुढचा गेला की त्याच्या पुढच्याला.

काकूंनी वाकून पाहिलं. "अगं, तो म्हातारा बघ. सगळ्यांनाच टाटा करतोय. कुणाचा आहे कोण जाणे."

मी हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून नुसतं तोंड हसरं केलं, असं नाही — आवाज येईल असं हसले. आणि हात केला नाही.

उतरल्यावर काकू मुलीबरोबर पुढं निघून गेल्या. आबांनी विचारलं, "काय दिसलं गं?" मी म्हणाले, "काही नाही, आबा. झाडंच नुसती." ते म्हणाले, "मग बरं झालं." परतीच्या होडीत ते पाळणा दिसेनासा होईपर्यंत मागं तोंड करून बसले होते.

गावात त्यांनी ती पाटी सगळ्यांना सांगितली. मुंबईला निघालेल्या माणसाला बजावायचे, पंचावन्नच्या आत असशील तरच पाळण्याच्या नादी लाग, माझ्या लेकीनं वाचलंय. मग चार वर्षांनी शेजारचे तात्या जाऊन आले. सत्तरीचे. पाळण्यात बसल्याचा फोटो घेऊन आले. मी त्या दिवशी घरीच होते. आबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "बदलला आसंल नियम," ते म्हणाले. "त्या वक्ताला तसा व्हता." तात्या म्हणाले, "आरं, कसला नियम?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर आबांनी मला कुठलीही पाटी वाचायला सांगितली नाही. शेवटच्या आजारात बारामतीच्या दवाखान्यात त्यांच्या खाटेसमोरच एक पाटी होती. ते तिच्याकडं तासन् तास बघायचे. मी शेजारी बसलेली असायचे. त्यांनी विचारलं नाही, मीही आपणहून वाचून दाखवली नाही. नवव्या दिवशी ते गेले.

ती खोली मी पुढं सोडली. काकूंना खरं कधी सांगितलं नाही. आज मी मुख्याध्यापिका आहे. मुलांना रोज सांगते, वाचा, वाचायला शिका.

पार्कातल्या त्या पाटीवर दोन ओळी होत्या. 'दहा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबत बसावे.' आणि खाली, 'पाळणा थांबल्याशिवाय उतरू नये.' मोठ्या, स्वच्छ मराठी अक्षरांत. एवढंच लिहिलं होतं, आबा.