पलंगाखाली गठ्ठे नकोत

पुस्तक स्वतः छापलं की घरात गठ्ठे साठतात, हे मला माहीत होतं. किस्सेही साठतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं! गठ्ठे निदान हळूहळू कमी होतात. किस्से वाढतच जातात.

मी ओतूरला हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो. गोष्ट लिहून झाली की नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवायची, हा आमचा जुना क्रम. ती मेथी निवडत ऐकायची. मध्येच "इथं खोटं वाटतंय" म्हणायची, आणि नेमकं तिथंच मी खोटं लिहिलेलं असायचं! माझ्या गोष्टींमधली वहिनी म्हणजे बहुतेक तीच. पुण्याच्या प्रकाशकांकडून हस्तलिखित परत आलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुम्हीच छापा. पण गठ्ठे पलंगाखाली सारायचे नाहीत हं. माणसांनी वाचलं पाहिजे!"

ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी छापायला घेतलं.

*

मंचरच्या ज्या प्रेसमध्ये काम दिलं, तिथं मुख्यतः लग्नपत्रिका छापायचे. कॉम्प्युटर नुकताच आलेला. मालक उत्साही माणूस. "सर, कव्हर असं करतो की लोक बघत राहतील!"

प्रूफ आलं. मी खरंच बघत राहिलो. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, "आमच्या काकांच्या पुस्तकाला यायचं हं! चिंगी, पप्पू, सोनू."

"ही कोण मुलं?"

"कुणीच न्हाई. पण खाली पोरांची नावं नसली, तर कागद मोकळा दिसतो, सर!"

मुलं काढली. गणपती मात्र त्याने काढू दिला नाही. मग अर्पणपत्रिकेचं पान पुढे करून त्याने हळूच विचारलं, "वहिनींच्या नावाआधी 'कैलासवासी' टाकू ना?"

"नको," मी म्हणालो. त्याने पान तसंच ठेवलं.

पुस्तकं टेम्पोने घरी आली. ठेवायला जागा एकच होती. पलंगाखाली!

*

माझे मित्र अण्णा बँकेतून रिटायर झालेले. प्रमोशनची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली. त्यांचं धोरण सरळ होतं, "जिथं माणसं, तिथं पुस्तक." आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त माणसं कुठं जमतात? दशक्रियेला!

कळंबला एका म्हाताऱ्या बाबांची दशक्रिया होती. नदीकाठी ही गर्दी. प्रवचन झालं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या, पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना. नातलग हात जोडून कबूल करत होते, "नातीचं लग्न करू", "विहिरीचा वाद मिटवू." कावळा झाडावर ढिम्म. अण्णांनी पिशवी उघडली आणि बसलेल्या मंडळींत पुस्तकं फिरवायला सुरुवात केली.

"कावळा येईस्तोवर चाळा, राव! नंतर परत द्या, न्हाईतर पैसे द्या!"

मला नदीत उतरावंसं वाटलं. पण लोकांनी खरंच पुस्तकं उघडली. कुणी हसू दाबतंय, कुणी शेजाऱ्याला ओळ दाखवतंय. एवढ्यात "शिवला! शिवला!" असा ओरडा झाला. सगळे उठले. एक फेटेवाले आजोबा तेवढे बोट पानात ठेवून बसून राहिले. मला म्हणाले, "लई रंगात आलं व्हतं, पावणं. कावळ्यानं जरा घाई केली!"

नलिनीच्या वेळी कावळा लगेच आला होता. माणसांना ताटकळत ठेवणं तिला कधी जमलंच नाही.

*

कांतीशेठचं बाजारपेठेत किराण्याचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण कांतीशेठ मराठीत आमच्यापेक्षा अस्सल भांडायचे. त्यांनी एक प्रत सॅम्पल म्हणून काउंटरवर ठेवली. सामान बांधून होईपर्यंत गिऱ्हाइकं ती वाचायची. कुणी पान दुमडायचं, कुणी खूण म्हणून शेंगदाण्याचं टरफल ठेवायचं. थोड्याच दिवसांत पुस्तकाला हिंगाचा वास लागला.

"शेठ, विकली का एखादी?"

"विकायची कशाला? लोक अर्धी गोष्ट सोडून जातात अन् उरलेली वाचायला परत येतात. येताना साखर नेतात! पुस्तक विकलं, तर गिऱ्हाईक घरीच बसंल की!"

*

एका गोष्टीत चिकट जावई आहे. आंब्याची कोय सासऱ्याकडून परत मागणारा. कुणाला लागेल की काय, अशी मला धास्ती होती. आणि एक दिवस आलेच एक बागाईतदार, तावातावाने.

"सर, खरं सांगा. त्यो जावई म्हंजे मीच ना?"

"छे हो! काल्पनिक आहे सगळं."

ते आणखीच भडकले. "काल्पनिक? या तालुक्यात माझ्यापेक्षा चिकट कोण हाय, दाखवा तरी!"

समजूत घालता घालता चहा दोनदा झाला. जाताना पुस्तक घेऊन गेले. वाचायला, उसनं!

*

पलंगाखाली शेवटचा गठ्ठा उरला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळी दारात एक बाई उभ्या. मढ गावाहून एसटीने आलेल्या, कडेवर जड पिशवी. त्यांची मुलगी ओतूरच्या कॉलेजात. तिने कांतीशेठकडून ते सॅम्पलचं पुस्तक हट्टाने मागून नेलं होतं आणि घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"सर, वहिनी कुठं हायेत?"

त्या आत डोकावत होत्या.

"न्हाई, त्या पुस्तकात म्हनत्यात ना, बाजारातला तांदूळ शिजतो, पन घरात वास सुटत न्हाई. आमी लई हसलो. म्हनलं, आपल्या खाचरातला न्यावा. बोलवा की त्यांना!"

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

"कवा येतील?"

"सांगता येत नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या. मला परतीची गाडी गाठायचीय." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. पायरी उतरल्या आणि पुन्हा वळल्या. "त्यांना तेवढं सांगा, नवा तांदूळ हाय. पानी बेतानं घाला म्हनावं."

दुपारी मी भात लावला. पाणी बेतानंच घातलं.