पठारावर सगळे उत्तरेकडे बघत होते

आधीच सांगून टाकतो, ही भुताखेताची गोष्ट नाही. अंगावर काटा यावा म्हणून कुणी वाचत असेल तर निराश व्हाल. खरं म्हणजे या पेजवरचे अनुभव मीसुद्धा तीन-चार वर्षं वाचतोय, पण ते हसायला. अमडापूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. गावात कुणाच्या अंगात आलं, कुणाला रस्त्यात काही दिसलं की लोक मुद्दाम मला येऊन सांगतात, कारण मी दोन मिनिटांत त्यातली हवा काढतो. बायको म्हणते, तुम्ही जिथं जाता तिथली मजा जाते.

तर असा माणूस हे लिहितोय. लिहू की नको यातच वर्ष उलटलं...

आमचा तिघांचा एक ग्रुप होता. मी, धाड गावात बी-बियाण्याचं दुकान असलेला मधुकर, आणि बुलढाण्यात एका ऑफिसात हेडक्लार्क असलेला सुधाकर. तिघंही कॉलेजपासूनचे. दर फेब्रुवारीत तीन दिवस पाठीवर सॅक टाकून आम्ही सातपुड्यात चालायचो — जळगाव जामोदच्या उत्तरेला जी डोंगररांग लागते, तिथं. कुठलं शिखर गाठायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत. कल्पना सुधाकरची आणि नियमही त्याचेच. सकाळी निघाल्यापासून जेवणापर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. "वर्षभर आपन बोलतोच ना बे, तीन दिवस आयकून पाहू," असं म्हणायचा. संध्याकाळी प्रत्येकानं मनात अडकलेली एक गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी फक्त ऐकायची. सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. पहिल्या वर्षी आम्हाला हसू आलं होतं. पुढे पुढे त्या संध्याकाळींची वर्षभर वाट बघायला लागलो.

वाट दाखवायला गुलसिंग असायचा. डोंगरातल्याच एका वस्तीवरचा, भिलाला समाजाचा, साठीच्या आसपासचा माणूस. परवानगी काढून त्याच्याबरोबर जायचं, रात्री त्याच्या अंगणात मुक्काम.

गेल्या वर्षी जे घडलं त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट मला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिसऱ्या दिवशीच्या चढावर सुधाकर एका दगडावर बसला. हात छातीवर. म्हणाला, "मले जरा दम लागून राह्यला."

मी म्हणालो, "पोट पाह्य आधी आपलं. चाल ऊठ."

तो हसला. मीही हसलो. तो उठला आणि चालायला लागला. मधुकर बराच पुढे होता, त्याला हे काही माहीत नव्हतं.

घरी परतल्यावर अकराव्या दिवशी सकाळी सुधाकर गेला. हार्ट अटॅक. हातात चहाचा कप होता म्हणे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सुधाकरच्या बायकोला, नलिनी वहिनींना, तर नाहीच नाही. त्यांच्या घरी जायचं मी हळूहळू कमी केलं. त्या तीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्यासमोर बसलं की वाटायचं, त्यांना माझ्या तोंडावरच दिसेल.

आणि गेल्या वर्षी जानेवारीत त्यांचा फोन आला. "भाऊजी, यंदा जाऊन राह्यले ना तुम्ही? मी येते."

नाही कसं म्हणणार?

त्या आल्या सुधाकरचीच सॅक घेऊन. निळी, एका पट्ट्याला गाठ मारलेली. पहिल्या दिवशी कुणापेक्षाही जास्त दमल्या नाहीत. संध्याकाळी गुलसिंगच्या अंगणात बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "माझं राहू द्या." मीही काहीतरी शाळेतलं सांगून वेळ मारून नेली. मधुकर दोघांकडे बघत राहिला, पण नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही वरच्या पठाराकडे निघालो. त्या भागात साग पूर्ण उघडा झालेला असतो, पायाखाली पानांचा इतका खच की चार माणसं चालली तर पलटण चालल्यासारखा आवाज. सालईची पांढुरकी खोडं, मध्येच एखादा पळस नुकता पेटलेला. मधुकर पळसाचा फोटो काढायला मोबाईल हातात घेऊनच चालत होता. पुढे गुलसिंग, मग वहिनी, मग मी.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नक्की आठवतं, कारण त्याच वेळी मी घड्याळ बघितलं होतं — खाली उतरायला किती वाजतील याचा हिशोब करत होतो.

आधी आवाज गेला. म्हणजे पाखरं एकेक करून गप्प झाली असं नाही, एकदम. आमच्या पायांचा आवाज तेवढा उरला आणि तो इतका मोठा वाटायला लागला की आपोआप आमची पावलं थांबली. गुलसिंग शेवटच्या झुडपाच्या पलीकडे गेला होता. त्यानं मागे न बघता हात वर केला. मग डोक्याचं फडकं काढलं आणि छातीशी धरलं.

आम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो.

समोर पठाराचं मोकळं गवत. दोन-तीन क्रिकेटची मैदानं मावतील एवढं. त्याच्या टोकाला कडा, कड्याखाली दरी, दरीपलीकडे दुसरा डोंगर. आणि त्या गवतात जनावरं होती.

डाव्या बाजूला नीलगाई, पाच. त्यांच्या पुढे चितळं, नऊ-दहा. एक मोठा सांबर नर, एकटा. वानरांची अख्खी टोळी जमिनीवर — झाडावर एकही नाही — पिल्लं पोटाला धरून बसलेली. मोर. एक अस्वल, पाठीवर पिल्लू. आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यात जवळच्या चितळापासून फार तर दहा हातांवर, बिबट्या. कुत्रं बसतं तसा मागच्या पायांवर बसलेला.

सगळ्यांची तोंडं उत्तरेला, दरीकडे.

तुम्ही म्हणाल, घाबरला असाल, काहीतरी दिसलं असेल. पण मला भीती वाटली नाही, आणि त्याचंच मला आजही नवल वाटतं. वारा आमच्या पाठीवरून त्यांच्याकडे जात होता. आमचा घाम, मधुकरची तंबाखू, सगळा वास सरळ त्यांच्या नाकात. चितळ एवढ्या वासावर मैलभर पळतं. एकानंही मान वळवली नाही. मेलेली नव्हती, पुतळे नव्हते. पोटं हलत होती, कान हलत होते, अस्वलाचं पिल्लू आईच्या मानेवरचे केस चावत होतं. फक्त बघत होती.

गुलसिंग अगदी हळू म्हणाला, "बैठ जाओ सर. खाली बसा."

आम्ही बसलो. मीही त्यांच्यासारखं उत्तरेकडे बघितलं. पलीकडचा निळसर डोंगर. वर स्वच्छ आकाश. ढग नाही, धूर नाही, घार नाही, काही चमकत नव्हतं. मी विज्ञानाचा माणूस, एकेक गोष्ट तपासत होतो. आणि तपासता तपासता कधी थांबलो ते मला कळलंच नाही. देवळात कधी हात न जोडणारा माणूस मी... पण तिथं असं वाटलं की आपण फार मोठ्या कुणाच्यातरी समोर आलोय आणि आपल्याला येऊ दिलंय. यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

तेवढ्यात वहिनी उठल्या.

मी त्यांचा हात धरायला पुढे झालो तर गुलसिंगनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींनी पाठीवरची सॅक उतरवून गवतात ठेवली आणि चालत गेल्या. नीलगाईंच्या बाजूनं, चितळांच्या मधून. एका मादीला त्यांच्या साडीचा पदर घासला असावा, तिनं कातडी थरथरवली, माशी बसल्यावर हलवते तशी, बस. बिबट्याच्या थोडं पुढे जाऊन त्या बसल्या. मांडी घालून. त्यांची पाठ बिबट्याकडे, तोंड उत्तरेला.

किती वेळ? नंतर घड्याळ बघितलं तेव्हा चार पस्तीस झाले होते. म्हणजे पंचवीसेक मिनिटं. मला विचाराल तर पाच मिनिटंही सांगेन आणि पूर्ण दुपारही सांगेन.

मग एका वानरानं खाकरल्यासारखा आवाज केला. झालं. बिबट्या उठला, पाठीला बाक देऊन आळस दिला आणि वहिनींच्या अगदी जवळून उजवीकडच्या करवंदीत शिरला. आणि — हे नीट वाचा — तो झाडीत शिरल्यावर मग चितळांना तो दिसला! एकदम धोक्याची हाक, शेपट्या वर, धावपळ. वानरं झाडांवर. नीलगाई धडधडत खाली. अस्वल मात्र सावकाश गेलं. अर्ध्या मिनिटात गवतात एकट्या वहिनी उरल्या आणि पाखरं अशी ओरडायला लागली जणू मधे काही झालंच नव्हतं.

मधुकरच्या हातात मोबाईल तसाच होता, कॅमेरा चालू. मी विचारलं, "काढला?"

"नाही बे," तो म्हणाला. "हात वरच नाही गेला. काढावा असं वाटलंच नाही मले."

नंतर त्यानं खुरांचे फोटो काढले. कड्याजवळ मऊ माती होती, तिथं ठसे स्पष्ट होते, आणि सगळ्यांची टोकं एका दिशेला. ते फोटो आहेत माझ्याकडे. बघणारे म्हणतात, चरायला आली असतील.

मी वहिनींकडे गेलो. त्या रडत नव्हत्या. त्यांच्या बाजूला बसलो, आणि तोंडातून आपोआप निघालं. चढ, तो दगड, छातीवरचा हात, मी काय बोललो ते. सगळं. बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, समोरच्या डोंगराकडे बघत होतो.

त्यांनी गवताची एक काडी तोडली. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये."

"कसं?"

"घरी आल्यावर यांनीच सांगतलं. म्हने, चढावर छातीत भरून आलं होतं. मी काय म्हनलं माहीत हाये? म्हनलं, ॲसिडिटी असन. उपाशी चालता, वरून तिखट खाता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीस वर्षं नर्स होती मी, भाऊजी. दुसऱ्या कोनाचा नवरा असता तर हात धरून ईसीजीले नेला असता."

उत्तर द्यायचं नाही, हा सुधाकरचा नियम त्या दिवशी उपयोगी पडला.

"वर्षभर कोनाले बोलली नाही मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही येनं बंद केलं तर मले वाटलं, तुमाले समजलं म्हनून येत नाही."

दोघांनाही तेच वाटत होतं. एका गावाहून दुसऱ्या गावाला बसनं तासाभराचा रस्ता, आणि आम्ही दोघं वर्षभर एकमेकांना घाबरत होतो.

उतरताना मी शेवटी विचारलंच. "वहिनी, तिथं बसल्यावर काही दिसलं का? सुधाकर..."

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "सगळे हेच विचारतीन, म्हनून सांगून ठेवते. हे नाही दिसले. कोनी नाही दिसलं. तिथं काहीच नव्हतं. पन त्या सगळ्यायच्या मधात बसल्यावर मी एकटी नाही असं वाटलं. बस."

गुलसिंगला त्या संध्याकाळी आम्ही खूप विचारलं. देव आहे का तिथं, जुनं काही ठिकाण, आजोबांनी काही सांगितलेलं? तो चुलीपुढे बसून नुसती मान हलवत होता. "नाही सर. जनम इथं गेला माझा. कधी ऐकलं नाही, कधी बघितलं नाही." मग म्हणाला, "तुम्ही शिकलेले लोक. मी तुम्हालाच विचारणार होतो."

परत आल्यावर मी जमेल ते सगळं केलं. त्या दिवशी कुठं भूकंपाचा धक्का नोंदला होता का, ते पाहिलं. नव्हता. पलीकडच्या डोंगरात वणवा होता का, विचारलं. नव्हता. जनावरं चाटायला येतात तशी मिठाची जमीन असेल म्हणून गुलसिंगकडून तिथली माती मागवून तपासली, साधी माती. वन्यजीवांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बिबट्या तुम्हाला नंतर दिसला असेल, आठवणीत एकत्र झालं असेल. चौघांच्या आठवणीत? ते म्हणाले, होतं असं. होतही असेल. या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच पठारावर गेलो, वहिनीही होत्या. चार ते सहा बसलो. दोन मोर आले, गेले.

माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडे असेल तर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल, मीही इतरांची केलीच आहे.

परवा आठवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवत होतो. फळ्यावर गवत काढलं, गवतापुढे बाण, हरीण. हरणापुढे बाण काढला आणि खडू तिथंच थांबला. वर्ग वाट बघत होता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, वाघ काढा ना."

मी काढला. पण बाण जरा लांब काढला.