अराजक आणि एकवीस आटे

चादरीला साबण लावून झाला होता, खळबळायची राहिली होती, तेवढ्यात दाराशी रिकामी बादली टेकल्याचा आवाज आला. शिंपीणबाई होत्या, गल्लीच्या अगदी टोकाच्या घरातल्या.

"वहिनी, एक बादली मिळेल का? लेक आठ दिवसांची बाळंतीण, आणि कालपासून घरात थेंब नाही."

सरकार पडलं होतं, नवं उभं राहत नव्हतं, पाण्याच्या कचेरीला बारा दिवस कुलूप होतं. टाकी डोंगरावरून आपोआप भरे. पण चावीवाला गावी निघून गेला होता, लांब लोखंडी चावी वहिनींच्या खिळ्याला अडकवून. का, तर व्हॉल्व्हचं झाकण त्यांच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर. सकाळी सहा ते सात पाणी वरच्या घरांना. सातला एकवीस आटे फिरवले की खालच्यांना. प्रत्येक आट्याला वहिनी देवाचं एक नाव घेत. मोजणीही होई, जपही.

काल नेमके भावजी मध्ये बोलले. पुस्तकं बांधायचा त्यांचा धंदा, आणि बांधता बांधता वाचायची खोड.

"बघा वहिनी, सरकार नाही, साहेब नाही, तरी पाणी येतंय की!"

"अराजक माजलंय नुसतं."

"अराजक म्हणजे राजा नसणं. गोंधळ हा वेगळा शब्द आहे."

"राजा गेला की तो येतोच मागोमाग, आमंत्रण लागत नाही त्याला!" वहिनी ताडकन म्हणाल्या, आणि जप पुढे चालू केला. पण मधली दहा नावं देवाकडेच राहिली, आणि तेवढे आटेही फिरवायचे राहिले. तासाभराने बंद करताना चावी अकराव्या आट्यालाच अडली, तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं होतं, लवकर सुटले म्हणून.

"अहो, मग काल ओरडला का नाहीत?" दाराशी उभ्या शिंपीणबाईंवर वहिनींचा आवाज चढला.

"कुणावर ओरडू? चावीवाला असता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आम्हाला वाटलं, सरकार नाही, आता असंच."

"माझ्यावर ओरडा. माझीच मोजणी चुकली."

शिंपीणबाईंनी मान खाली घातली. "तुम्हाला काय बोलणार? तुम्ही फुकट राबता."

हे मात्र वहिनींच्या जिवाला लागलं. शिवी खाल्ली असती तर मोकळं वाटलं असतं. दोन बादल्या भरून दिल्या, सात वाजायच्या आतच त्या झाकणाशी बसल्या आणि मोठ्याने मोजत एकवीस आटे फिरवले. वरून कुणीतरी ओरडलं, "अहो, अजून दहा मिनिटं आहेत!" त्यांनी वरही पाहिलं नाही. शिंपीणबाई खालून हात हलवेपर्यंत जागच्या उठल्या नाहीत.

"दुसरी चावी करून घेते," त्या भावजींना म्हणाल्या. "एक खालच्या टोकाला शिंपीणबाईंकडे राहील. माझं चुकलं तर त्या सुधारतील, त्यांचं चुकलं तर मी."

"दोन चाव्या?" भावजी दचकले. "रोज भांडणं होतील!"

"का? राजा नको ना तुम्हाला? मग भांडायला दोघं नकोत?"

वहिनींनाही आत कुठेतरी धाकधूक होतीच. दोघींनी एकाच वेळी फिरवली तर? चादरीवरचा साबण वाळत चालला होता. तो तसाच टाकून त्यांनी हात पुसले, चावी खांद्यावर घेतली आणि तसलीच दुसरी घडवून घ्यायला लोहाराकडे निघाल्या.