'व्हय' न कळणारा फोन

वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सांगलीला ठरले होते. रक्त पातळ करणारी त्यांची संध्याकाळची गोळी द्यायची की थांबवायची, हे विचारायचे मात्र राहून गेले होते. एवढाच प्रश्न.

सकाळी पलूसच्या घरी सोप्यात बसून मी दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. एका मंजुळ यंत्राने स्वागत केले, दवाखान्याला मिळालेली बक्षिसे सांगितली, मग बटणांमागून बटणे दाबायला लावली. शेवटी म्हणाले, "प्रतिनिधीशी बोलायचे असल्यास कृपया 'हो' म्हणा."

माझ्याआधी वडीलच ओरडले, "व्हय!"

"क्षमस्व, आपले उत्तर समजले नाही."

"आवं बाई, व्हय म्हणतोय न्हवं!"

"क्षमस्व, आपले उत्तर समजले नाही."

वडील फौजेत होते. तिसऱ्यांदा त्यांनी ताठ बसून "जी हाँ!" ठोकले. तेही यंत्राला कळले नाही.

"आबा, हो म्हणा," मी म्हणालो.

"का? व्हय म्हंजे काय न्हाई असतंय का रं?"

शाळेत गुरुजींनी माझ्या तोंडचे 'व्हय' काढून तिथे 'हो' बसवले. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्याच शिकवणीवर. पण गुरुजींना 'व्हय' समजत होते. समजत होते म्हणून तर ते दुरुस्त करायचे. या यंत्राला मराठी शिकवणाऱ्या दीडशहाण्यांनी सांगलीच्या दवाखान्यात कोण येते, हे पाहण्याचीही तसदी घेतली नव्हती.

मी फोन हातात घेतला आणि वक्तृत्व स्पर्धेत उभा असल्यासारखा स्वच्छ "हो" म्हणालो. यंत्र प्रसन्न झाले. आमचा कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगून त्याने बासरी लावली. बराच वेळ बासरी ऐकवून फोन कट झाला. पुन्हा लावला, तर पुन्हा बक्षिसांपासून सुरुवात.

दुपारी मोटारसायकल काढून सांगली गाठली. काउंटरवरच्या सिस्टर आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या. "गोळी चालू ठेवा म्हणालेत." अर्ध्या मिनिटाचे काम. इथला फोन कोण उचलते, असे मी विचारले.

"आता कुणाला उचलावाच लागत नाही. सगळं ऑटोमॅटिक झालंय!"

हे त्या कौतुकाने म्हणाल्या.

संध्याकाळी वडिलांनी गोळी घेतली, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"एवढा शिकलास, आन् सकाळीच गाडी काढायचं सुचलं न्हाई तुला?"