आधी सही करा

वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या दिसल्या की गुंडुला हाफरकांप दाराजवळची खुर्ची धरायची.

त्याला कारण होतं. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या याच नर्सिंगच्या शाळेतून तिला तरुणपणी काढून टाकलं होतं, डॉक्टरांना उलटून बोलली म्हणून. मग अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालण्यात गेलं. पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा प्रवेश मिळाला. आता नापास झाली तर परत चादरी.

आणि नव्या बाई म्हणत होत्या, "मला उलटून बोला!"

या आल्मुट टेरहॉर्स्ट बाई फळ्यापुढे उभ्याच राहत नसत, आम्हा विद्यार्थिनींमध्ये येऊन बसत. "बायकांनीच बायकांना मान खाली घालायला शिकवलं. डॉक्टरांपुढे, शिक्षिकेपुढे. इथे ते बंद. मला बाई म्हणू नका, आल्मुट म्हणा. आणि तुमचे गुण तुम्हीच ठरवा."

"गोड बोलून गळा कापणार ही," गुंडुला माझ्या कानाशी पुटपुटली.

"अगं, चेहऱ्यानं तर चांगली वाटते."

"मांजर पण चांगलंच वाटतं, रोसविता. उंदराला विचार."

खरं तर संशय मलाही होता. कुणी म्हणालं, अधिकार सोडला, की किल्ली कुठे ठेवली ते बघावंसं वाटतंच.

प्रात्यक्षिकाला पेशंट म्हणून कॉटवर बाई स्वतःच झोपल्या. गुंडुलानं त्यांचं अंग पुसायचं होतं. मी कोमट पाण्याचं भांडं धरून उभी, मनात येशूचं नाव चालू. गुंडुलानं कोपर बुडवून पाणी पाहिलं, कापड पिळलं.

"मला आज अंग पुसून घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या.

गुंडुला थिजली. थांबावं तर काम अर्धवट, पुसावं तर जबरदस्ती. दोन्हीकडून नापास.

"हे कोण बोलतंय? पेशंट की बाई?"

"पेशंट."

"मग राहू दे. थोड्या वेळानं येऊन पुन्हा विचारीन." तिनं कापड ठेवलं, चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली. "आता मला बाईंशी बोलायचंय."

"बोल की. आणि स्वतःला किती गुण देतेस?"

"आधी सही करा."

"कशावर?"

"गुणांच्या कागदावर. ऑफिसात तुमची सही चालते, माझी नाही. तुम्ही कॉटवर आडव्या झालात खऱ्या, पण पेन तुमच्याच खिशात आहे. मी बोलल्यावर आकडा फिरवलात तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

संपलं सगळं, मला वाटलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठून बसल्या. मग त्यांनी पेन काढलं, कागदावर सही केली, गुणांची जागा तशीच कोरी ठेवून, आणि पेन गुंडुलाला दिलं.

गुंडुलानं कागद उलटसुलट पाहिला, खिडकीच्या उजेडात धरला. मग 'दोन' लिहिलं. आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यात वर, पाच म्हणजे नापास.

"एक का नाही?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला राग आला होता. पेशंटचा."

कागद तिनं घडी करून एप्रनच्या खिशात घातला आणि खुर्ची ओढून कॉटजवळ बसली. "आता ऐका, बाई. तुमचं काय चुकतं ते सांगते."

आल्मुट म्हणण्याइतका भरवसा अजून नव्हता. कागदही ऑफिसात ती स्वतःच देऊन आली.