एकट्यानं घडवलेलं पैंजण

हुपरीच्या चांदी-कारागिरावरची कथा मी हुपरीत कुणालाही न विचारता लिहिली, आणि मग हुपरीतच जाऊन ती कारागिरांना वाचून दाखवली. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मला कुणी फूस लावली नव्हती.

बरं, विचारायला माणूस नव्हतं असंही नाही. माझी थोरली बहीण, आक्का, हुपरीतच दिलेली. तिच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं मी त्या घरी जाऊन सोप्यात बसून चहा पीत आलो होतो. आतल्या खोलीतून ठकठक ऐकू यायची, कुणीतरी नळीतून फुंकत असल्याचा आवाज यायचा. मी चहा संपवायचो, आक्काच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायचो आणि कोल्हापूरची एसटी धरायचो. कथाकाराचे डोळे सतत उघडे पाहिजेत, असं मी त्याच वर्षी तीन गावांत भाषणातून सांगितलं होतं.

कथा अशी होती. एक म्हातारा कारागीर मुलीच्या लग्नादिवशी सकाळी चांदी आटवतो, तिची तार ओढतो, कड्या जोडतो, घुंगरं बसवतो, सगळं उजळून काढतो आणि सूर्य मावळताना मुलीच्या पायांत पैंजण घालून तिथंच डोळे मिटतो. सगळं एकटा करतो. कोल्हापुरातल्या एका वाचनालयात ही पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. झालं! संग्रहात आणखी दहा कथा होत्या, पण त्या दिवसापासून मी दुसरी कुठली वाचली नाही.

तो माझा पहिलाच संग्रह. प्रकाशकांनी सांगितलं होतं, "पुस्तक काय आपोआप खपत न्हाय. तोंड दाखवाय लागतंय." म्हणून कचेरीतली कारकुनी सांभाळून दर रविवारी पुस्तकांची पिशवी खांद्याला अडकवून मी तोंड दाखवत हिंडत होतो. सगळीकडे तेच. सरस्वतीच्या फोटोला हार, लांबलेलं प्रास्ताविक, पुस्तक न वाचलेले अध्यक्ष. एका ठिकाणी अध्यक्षांनी शेवटपर्यंत माझ्या 'कादंबरी'चं कौतुक केलं आणि मीही शेवटपर्यंत मान डोलावली. मग नारळ, आभार, आणि जवळजवळ तेवढीच जड पिशवी घेऊन परतीची एसटी. बायको म्हणायची, "पुस्तकं हाईत तेवढीच परत येत्यात. नारळ तेवढं वाढाय लागल्यात घरात." सहा महिने आमच्या घरी प्रत्येक भाजीत खोबरं होतं. मला माझा स्वतःचा आवाज ऐकून कंटाळा आला होता. म्हातारा डोळे मिटायच्या ओळीवर यायचा तेव्हा मनात यायचं, मिट बाबा लवकर, साडेसहाची गाडी गाठायची आहे.

अशात एकदा आक्का माहेरी आली आणि म्हणाली, "आमच्या गल्लीत वाच की एकदा. आत्ती म्हंत्यात, तुझा भाऊ कागद काळं करन्याबगार काय करतोय? एकदा ऐकू दे त्यास्नी."

आत्ती म्हणजे तिची सासू. लग्न झाल्यापासून आक्कानं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे पहिलंच.

गेलो. दुपारची वेळ होती. आक्कानं आख्खी गल्ली तासाभरासाठी कामावरून उठवली होती. हे मला तेव्हा फार वाटलं नाही, कारण हातातलं काम खाली ठेवणं म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक होतं? सतरंजीवर बायका, कट्ट्यावर पुरुष, आणि सगळ्यांत पुढं पाटावर आत्ती. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, आज माझी परीक्षा नसून तिचीच आहे.

मी वाचलं. अगदी आवाज कापरा करून वाचलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मी पदरांकडं बघितलं. एकही पदर हलला नाही.

कट्ट्यावर एक म्हातारे चाचा बसले होते. गल्लीची सगळी चांदी त्यांच्याच भट्टीत आटायची. त्यांनी घसा साफ केला.

"पावणं, चांदी त्यानं घरातच आटीवली म्हंता?"

"हो."

"आनि तारबी त्यानंच वडली?"

"हो. म्हणजे, जुना कारागीर आहे ना तो."

"जुना झाला म्हनून चार हात फुटत्यात व्हय?"

सतरंजीवर खसखस पिकली. एक बाई पुढं सरसावली. "आनि डाख कुनी दिला वो? कड्यास्नी?"

डाख म्हणजे कडीचा सांधा आचेवर जोडणं, हे मला त्याक्षणी माहीत नव्हतं. पण माघार घेईल तो लेखक कसला! "त्यानंच," मी ठणकावून म्हणालो.

"अगं बया! बायकू न्हवती काय त्येला?"

"शेजाऱ्यांसंगं भांडान असंल," दुसरी म्हणाली. "गल्लीत कोन बोलत नसंल त्येच्यासंगं."

मी शेवटचं हत्यार काढलं. म्हणालो, "साहित्यात कारागीर हे एक प्रतीक असतं."

"असंल की," चाचा शांतपणे म्हणाले. "पर त्येचं पैंजान चार दिसांत तुटंल."

गल्ली पोट धरून हसली. आत्ती तर पाटावरून घसरायच्या बेतात होत्या. फक्त आक्का हसली नाही. ती चहा ठेवायला आत गेली.

चाचांनीच मला मग हाताला धरून गल्लीतून फिरवलं. त्यांच्याकडं चांदी आटायची, पलीकडच्या घरात तार, त्याच्या समोर कड्या, मग बायकांच्या हाती डाख, कोपऱ्यावरच्या घरात घुंगरं, आणि शेवटी एका म्हातारीकडं रिठ्याच्या पाण्यात उजळणं. एक जोड सहा उंबरे ओलांडायचा. परत येऊन बघतो तर आक्का आतल्या खोलीत कामाला बसलेली. समोर दिवा, तोंडात फुंकणी, चिमट्यात कडी. ज्योत वाकवून सांध्यावर धरायची, की पुढची कडी. तिच्या बोटांच्या टोकांवर काळे चट्टे होते. ते चट्टे मी अकरा वर्षं चहाच्या कपाशेजारी बघत आलो होतो आणि चुलीचे समजत होतो.

स्टँडवर सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "आता पान्याला गेले की बायका इचारनार, तुझा भाऊ एकटाच पैंजान करतोय न्हवं? आत्तींचं तर इचारूच नगं. नीट लिव की रं."

"छापून झालंय गं. पण इथून पुढं वाचताना बदलून वाचीन. शपथ."

"मग कोल्लापुरात वाचशील तवा मी येनार. आत्तीस्नी घिऊन येनार."

पुढच्याच रविवारी कागलमध्ये मी बदलून वाचलं. एकट्या म्हाताऱ्याच्या जागी सहा घरं घातली, चाचा घातले, डाख घातला. अध्यक्ष तिसऱ्या घरापाशी झोपले. शेवटी एका शेतकरी गृहस्थांनी विचारलं, "सगळं खरं, पर ह्यात मेलं कोन?" मी म्हणालो, कुणी नाही. "मग गोष्ट कशाची?" म्हणून ते उठलेच. त्यांच्यामागून बाकीचे उठले.

आणि मग कोल्हापूरचा कार्यक्रम आला. शेवटचाच होता, प्रकाशकांचाही धीर संपला होता. सभागृह मोठं, माणसं तेरा. आक्का तिसऱ्या रांगेत, शेजारी आत्ती, कडक इस्त्रीच्या लुगड्यात. मी पिशवीतून दुरुस्तीचे कागद काढले आणि पुस्तकाशेजारी ठेवले. समोर बघितलं. पहिल्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या. पदर नीट सावरून, अगदी तयारीत.

मी दमलो होतो, हे खरं आहे. पण नुसतं दमलो असतो तर गप्प तरी बसलो असतो. निदान एकदा, शेवटचं, कुणीतरी रडावं असं मला वाटत होतं. मी कागद बाजूला सारले आणि छापलेलंच वाचलं. म्हाताऱ्यानं एकट्यानं चांदी आटवली, एकट्यानं तार ओढली, एकट्यानंच डाखही दिला. हो, आता शब्द कळला होता ना, तो मी तेवढा आत घुसडला. सूर्य मावळला. पुढचे दोन पदर डोळ्यांना लागले.

आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून आत्तींचा आवाज आला, "परत मेला व्हय गं त्यो?"

आक्का माझ्याकडं बघत नव्हती, टेबलावरच्या त्या बाजूला सारलेल्या कागदांकडं बघत होती. नारळ घेताना, आभार ऐकताना मी तिची नजर चुकवली. स्टँडपर्यंत तिघं चालत गेलो. वाटेत मी प्रकाशक, कागलचे श्रोते, माझी अपुरी झोप, सगळ्यांवर खापर फोडून बघितलं. आत्ती अधूनमधून एकट्याच हसत होत्या. आक्का "हं" म्हणत होती.

हुपरीची गाडी लागली. आत्तींना चढवून, नारळही त्यांच्या पिशवीत कोंबून मी खिडकीखाली उभा राहिलो. वाटलं, आक्का आता काहीतरी बोलेल, मग मी माफी मागेन. गाडी हलली तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं.

"भाऊबीजंला ये," ती म्हणाली. "पर पुस्तक आनू नगंस. आमच्या गल्लीत कामाची मानसं असत्यात."